पूर्णेची वाळू आणि 'संपत्तीचा शाप': हे संशोधन केदारखेड्यात का अडखळतं

जमिनीत तेल, सोनं किंवा लोहखनिज सापडलं, की तिथल्या माणसांचं भलं होतं का? अर्थशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. १९९३ मध्ये रिचर्ड ऑटी यांनी 'रिसोर्स कर्स', म्हणजे नैसर्गिक संपत्तीचा शाप, हा शब्द रूढ केला. १९९५ मध्ये सॅक्स आणि वॉर्नर यांनी देशांची आकडेवारी मांडली आणि दाखवलं की ज्यांची निर्यात अशा संपत्तीवर जास्त अवलंबून होती, ते देश पुढची वीसेक वर्षं सावकाश वाढले. त्यानंतर प्रश्न खाली सरकला. देश सोडून संशोधक नगरपालिका, जिल्हे, मतदारसंघ बघायला लागले: खनिजाचा पैसा स्थानिक सरकारच्या हातात पडला की ते सरकार चांगलं वागतं की बिघडतं?

या दुसऱ्या पिढीच्या संशोधनाबद्दल मला आज तक्रार करायची आहे. हे संशोधन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. मी त्यातूनच शिकतोय, आणि त्यातले दोन-तीन पेपर तर मला फार आवडतात. पण ते घेऊन तुम्ही जालना–भोकरदन रस्त्यानं निघालात, राजूर मागे टाकलंत आणि केदारखेड्याला पूर्णेच्या पात्राजवळ उभे राहिलात, तर त्यांचा पाया डळमळायला लागतो. कारण इथलं खनिज म्हणजे वाळू. आणि वाळूला या पेपरांमध्ये जवळपास जागाच नाही.

तुम्ही म्हणाल, वाळू कसलं खनिज? कायद्यानं आहे. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात साध्या वाळूला 'गौण खनिज' म्हटलंय आणि तिचे नियम करायचा अधिकार कलम १५ प्रमाणे राज्याला दिलाय. गौण हा शब्द फसवा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे की जगात दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते. पाण्याखालोखाल माणूस सगळ्यात जास्त वापरतो ती ही वस्तू. गौण आहे ती फक्त वर्गवारीत.

आता पेपरांकडे येऊ. पहिला ब्राझीलचा, कासेली आणि मायकल्स यांचा, २०१३ मध्ये छापलेला. ब्राझीलमध्ये समुद्रातून निघणाऱ्या तेलाच्या स्वामित्वधनाचा वाटा किनाऱ्याजवळच्या नगरपालिकांना मिळतो. संशोधकांनी विचारलं, या पैशाचं काय झालं? कागदावर खर्च वाढला होता: शिक्षण, आरोग्य, घरं, नागरी सोयी, सगळ्यांवर. मग त्यांनी प्रत्यक्ष परिणाम तपासले, लोकांची घरं, सोयी, उत्पन्न. तिथे जेमतेम फरक. म्हणजे वहीत खर्च दिसतो, गावात दिसत नाही. मधला पैसा गेला कुठे, हा त्या पेपरचा खरा प्रश्न. वाचताना आपल्याकडच्या कुणालाही धक्का बसणार नाही, पण आकड्यांतून इतकं स्वच्छ दाखवणं सोपं नसतं.

दुसरा भारताचा. सॅम अ‍ॅशर आणि पॉल नोव्होसाद यांनी बघितलं की एखाद्या खनिजाचा जागतिक भाव वाढला की ते खनिज असलेल्या विधानसभा मतदारसंघात काय घडतं. उत्तर: गुन्हे दाखल असलेले उमेदवार जास्त निवडून येतात आणि पदावर असताना त्यांची मालमत्ता वाढते. उमेदवारांना प्रतिज्ञापत्र देणं २००३ पासून बंधनकारक झालं, त्यामुळे हा अभ्यास शक्य झाला. तो माहितीचा साठा आपल्याकडे आहे याचं मला अजूनही नवल वाटतं.

तिसरा कोलंबियाचा, लुईस मार्टिनेझ यांचा, आणि माझा सगळ्यात आवडता. त्यांनी दोन प्रकारच्या पैशांची तुलना केली. एक, तेलाचं स्वामित्वधन. दोन, मालमत्ता कर, जो जमिनीचं मूल्यांकन नव्यानं झालं की वाढतो. पालिकेकडे आलेला रुपया तोच, पण करातून आला तर शाळा, आरोग्य, पाणी सुधारताना दिसतं, तेलातून आला तर तितकं नाही. का? ज्यानं खिशातून दिलं तो विचारतो. तेलाचा पैसा कुणाच्याच खिशातून जात नाही, त्यामुळे त्याचा हिशेब मागायला कुणी येत नाही.

हे तिन्ही अभ्यास वेगवेगळ्या पद्धतीनं एकच वजाबाकी करतात. आधी आणि नंतर, इथे आणि तिथे. जिथे खनिज आहे तिथला बदल, वजा जिथे नाही तिथला बदल. उरलं तो खनिजाचा परिणाम. याला डिफरन्स-इन-डिफरन्स म्हणतात आणि त्यासाठी दोन गोष्टी लागतात. बाहेरून आलेला एक धक्का, ज्यावर गावाचा काही ताबा नाही: जागतिक भाव, नाहीतर तेल सापडल्याची तारीख. आणि एक वही, ज्यात पैसा शिरताना दिसतो.

पूर्णेच्या वाळूकडे यातलं काहीच नाही.

धक्क्याचं बघा. लोहखनिजाला जगाचा बाजार आहे, वाळूला नाही. वाळू जड आणि स्वस्त. शंभर किलोमीटरच्या पुढे नेली की वाहतुकीचा खर्च मालाला गिळतो, त्यामुळे भाव ठरतो तो इथल्या बांधकामावर, इथल्या पावसावर आणि, हे महत्त्वाचं, इथल्या सरकारी धोरणावर. लिलाव रखडले की भाव चढतो. म्हणजे ज्या सरकारवर होणारा परिणाम मोजायचा, तेच भाव हलवतंय. अ‍ॅशर–नोव्होसाद यांच्या पद्धतीचा कणाच इथे मोडतो. आणि सापडल्याची तारीख? वाळू एकदाच सापडत नाही. पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरांतून येते, पावसाळ्यात पूर येतो, पात्रात नवा थर बसतो. एखाद्या वर्षी भरपूर, एखाद्या कोरड्या वर्षी काहीच नाही. तेलाचा शोध आयुष्यात एकदा लागतो, वाळूचा दर दिवाळीला.

आता वही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम २० सांगतं की नद्या-नाल्यांची पात्रं राज्य शासनाची. त्यामुळे वाळू राज्याची, लिलाव जिल्हाधिकारी करणार, पैसा महसूल खात्यात जाणार. गावाचा हक्क जेवढा धोरणात लिहिला तेवढाच. पेसा कायद्यात, म्हणजे अनुसूचित क्षेत्रात, गौण खनिजाच्या परवान्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस कायद्यानं लागते. जालना जिल्हा त्यात येत नाही. इथे ग्रामसभेला विचारायचं की नाही, किती मानायचं, वाटा किती द्यायचा, हे शासन निर्णयानं ठरतं आणि पुढच्या शासन निर्णयानं बदलतं. २०१८ च्या सुधारित धोरणात लिलावाच्या रकमेतला २५ टक्क्यांपर्यंतचा वाटा ग्रामपंचायतीला देऊ केला होता. त्यानंतर २०१९, २०२२, २०२३, २०२४, २०२५. जवळजवळ दर वर्षा-दोन वर्षांनी नवं धोरण. ज्या ग्रामपंचायतीला मार्चआधी नमुना १ मध्ये पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक लिहायचं असतं, तिनं वाळूपुढे कोणता आकडा टाकायचा? शहाणा ग्रामसेवक शून्य टाकेल.

माझी मूळ तक्रार इथे आहे. शापाच्या संशोधनानं एक गृहीत धरलंय की खनिजाचा पैसा स्थानिक सरकारच्या हातात पडतो, आणि मग ते बिघडतं का ते बघायचं. केदारखेड्यासारख्या गावात बिघडायलाही पैसा नाही. पंचायतीचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि मुख्यत्वे वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. यात पूर्णा कुठेच नाही. नदी गावाला लागून वाहते, वहीला लागून वाहत नाही.

पण वाळू जाते ना? जाते. आणि तिचं अर्थकारण वहीबाहेर आहे. २०२३ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी एप्रिलमध्ये राज्यानं डेपो पद्धत आणली: सरकारच वाळू काढून घेणार, डेपोवर आणणार, नागरिकाला ६०० रुपये ब्रासनं देणार, वाहतूक ज्याची त्यानं करायची. पहिलं विक्री केंद्र श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावला १ मे रोजी सुरू झालं. हेतू चांगला, घर बांधणाऱ्याला दिलासा. पण जरा कागद-पेन्सिल घ्या. समजा एका घाटातून ५,००० ब्रासची मंजुरी आहे. ६०० नं त्याचे ३० लाख. समजा खुल्या बाजारात तीच वाळू ४,००० ला जाते. तर बाजाराच्या हिशेबानं ती २ कोटींची. मधले १ कोटी ७० लाख कुठे जातात? (दोन्ही आकडे मी कल्पिलेले आहेत, गणित समजावं म्हणून. वाहतूक आणि भराई वजा करा, तरी फरक मोठाच राहील.) अर्थशास्त्रात याला रेंट म्हणतात. सरकारनं भाव कमी लिहिला म्हणून तो नाहीसा होत नाही. तो ज्याच्या हातात फाटक आहे त्याच्याकडे जातो: ज्याची नोंदणी लागते, ज्याचं वाहन आधी भरतं, एकाच पावतीवर ज्याच्या दोन खेपा होतात. ६०० रुपयांत राज्याचं उत्पन्न बांधलं गेलं, पंचायतीचा वाटा तर त्याहून लहान, आणि लपवण्यासारखा नफा मात्र वाढला. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं डेपो पद्धत सोडून पुन्हा लिलाव आणले, घरकुलाच्या लाभार्थ्यांना ५ ब्रासपर्यंत मोफत वाळू ठेवली आणि सरकारी बांधकामात कृत्रिम वाळूचा वापर काही प्रमाणात सक्तीचा केला. दोन वर्षांत गाडी फिरून तिथेच.

कासेली आणि मायकल्स यांना 'हरवलेला पैसा' सापडला कारण ब्राझीलमध्ये तो आधी वहीत आला होता. आपल्याकडे तो वहीत यायच्या आधीच हरवतो. त्यांच्या पद्धतीनं केदारखेडा मोजलं तर उत्तर येईल: उत्पन्नावर परिणाम शून्य, खर्चावर परिणाम शून्य, म्हणजे शाप नाही. आकड्यांच्या बाजूनं बरोबर. बाकी सगळ्या बाजूंनी चूक.

कारण खर्च मात्र गावाच्या अंगावर येतो. वाळूचा थर म्हणजे नदीची पाण्याची टाकी. पूर ओसरल्यावर पाणी त्यात मुरतं आणि हळूहळू काठच्या विहिरींना मिळत राहतं. आपल्या बेसॉल्टच्या मुलखात खडकात पाणी फार धरत नाही, म्हणून हा थर आणखी मोलाचा. नदीकाठच्या कितीतरी गावांची पाणीपुरवठ्याची विहीर पात्रालगतच असते. केणी लावून किंवा पोकलेननं थर खालच्या खडकापर्यंत खरवडला की पाणी थांबत नाही, वाहून जातं. मग विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते, पंचायत टँकरचा प्रस्ताव करते, बोअर घेते, पाइप लांबवते. रात्रीच्या हायवांनी गावातला रस्ता फुटतो, तोही पंचायतीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या नावावर. यातला पाण्यावरचा पंचायतीचा खर्च वित्त आयोगाच्या त्याच बांधलेल्या निधीतून जातो आणि वहीत 'पाणीपुरवठा' या नावानं उमटतो. तिथे कुणी 'वाळू' लिहीत नाही. बाहेरून ती वही वाचणाऱ्या संशोधकाला वाटेल, वा, ही पंचायत पाण्यावर चांगला खर्च करते!

मार्टिनेझ यांचा पेपर मला आवडतो तो इथे वेगळ्या कारणानं. करदाता विचारतो, असं ते म्हणतात. मग मी म्हणेन की पूर्णाकाठचा शेतकरी करच भरतोय, फक्त पैशात नाही, विहिरीच्या पाण्यात. आणि तो विचारतोही. लिलावाला विरोध करणारे ग्रामसभांचे ठराव मराठवाड्यात नवीन नाहीत. पण त्याचा प्रश्न ज्या दारावर जातो तिथे, म्हणजे पंचायतीत, ना वाळूचा पैसा आहे ना वाळूवरचा अधिकार. वाहन जप्त करायचं तर कलम ४८ खाली महसूल खातं. बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, तोही तिकडेच जमा. 'वाळू तस्कर' हा शब्द आता एमपीडीए कायद्याच्या नावातच आहे, ते काम पोलीस आणि जिल्हाधिकाऱ्यांचं. सरपंचाकडे उरतं काय, तर टँकरचा प्रस्ताव. विचारणारा आहे पण उत्तर देणाऱ्याच्या हातात काही नाही, हा प्रकार कोलंबियाच्या तुलनेत बसतच नाही, आणि त्यावर फार लिहिलेलंही नाही.

कुणी म्हणेल, जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे ना? आहे. २०१५ च्या दुरुस्तीनं कलम ९ब आलं, खाणीनं बाधित भागासाठी जिल्ह्याजिल्ह्यात न्यास झाले. गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजामुळे किंवा चंद्रपुरात कोळशामुळे हा निधी ठळक दिसतो. पण न्यास जिल्ह्याचा असतो, गावाचा नाही. आणि तो स्वामित्वधनाच्या टक्केवारीवर चालतो, म्हणजे जेवढी वाळू पावतीवर गेली तेवढ्यावरच. बिनपावतीची वाळू विहिरीला तेवढंच नुकसान करते आणि न्यासाला एक रुपया देत नाही. २५ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं ८ विरुद्ध १ असा निकाल दिला की स्वामित्वधन हा कर नाही आणि राज्यांना खनिज हक्कांवर कर लावता येतो. राज्यांच्या तिजोरीसाठी हा निकाल मोठा. पंचायतीसाठी त्यात थेट काही नाही, राज्यानं ठरवून खाली दिलं तरच.

एक गोष्ट मात्र गोव्याकडून घेण्यासारखी आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोव्याच्या लोहखनिजासाठी कायमस्वरूपी निधी करायला सांगितला, विक्रीच्या रकमेतले १० टक्के त्यात टाकायचे. विचार असा की खनिज हे मुद्दल आहे, ते विकून खाल्लं तर पुढच्यांना काय? वाळूत हे आणखी सरळ मांडता येतं. पुरानं दरवर्षी जेवढा थर येतो ते व्याज. तेवढंच काढलं तर नदी जागेवर. त्याच्या पुढचा प्रत्येक ब्रास म्हणजे मुद्दल मोडणं. २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये पुनर्भरणाचा अभ्यास करायला सांगितलाय तो याचसाठी. पण आपली सरकारी वही रोखीची. त्यात व्याजही 'उत्पन्न', मुद्दलही 'उत्पन्न', आणि खचलेल्या पात्राचा रकानाच नाही. जमीन विकून घर चालवणाऱ्याला आपण श्रीमंत म्हणत नाही, पण घाटाचा लिलाव चढा गेला की 'महसुलात वाढ' अशी बातमी होते.

मग वाळूचा अभ्यास करायचाच नाही का? करायचा, पण धक्का दुसरीकडे शोधावा लागेल. माझ्या डोक्यात एक मार्ग आहे: धोरण बदलण्याच्या तारखा घ्यायच्या, आणि पूर्णेच्या त्याच पट्ट्यातली गावं, ज्यांच्या हद्दीत मंजूर घाट आहे आणि ज्यांच्या नाही, यांची तुलना करायची. उत्पन्नाची नाही. टँकरच्या प्रस्तावांची, पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीखर्चाची, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींतल्या पातळीची. अडचण अशी की वाळू हद्द ओळखत नाही. मंजूर घाट एका गावात आणि उपसा शेजारच्या गावात, हे सर्रास. तुलनेचं गावच बाधित निघतं आणि फरक खोटाच कमी दिसतो. यावर मला अजून समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. उपग्रहाच्या चित्रांवरून पात्रातले खड्डे मोजायचा प्रयत्न काही जण करताहेत, पण पूर्णेसारख्या अरुंद पात्रात चित्राचा एकेक ठिपका मोठा पडतो.

शेवटी मोझांबिकचा एक अभ्यास, कारण तो या सगळ्यात वेगळा आहे. २०१० मध्ये तिथल्या काबो डेलगाडो प्रांताच्या समुद्रात मोठा वायुसाठा सापडला. अर्मांड आणि सहकाऱ्यांनी २०६ वस्त्यांमध्ये प्रयोग केला. काही ठिकाणी साठ्याची आणि येणाऱ्या पैशाची माहिती फक्त स्थानिक पुढाऱ्याला दिली, काही ठिकाणी सगळ्या लोकांना. फक्त पुढाऱ्याला कळलं तिथे त्याची स्वतःचं भलं करून घ्यायची धडपड वाढली. सगळ्यांना कळलं तिथे लोक एकत्र आले, हिंसा कमी झाली. त्या प्रांतात पुढे जे झालं ते बघता हा निष्कर्ष जपून वापरायला हवा. पण प्रश्न आपल्याला लागू आहे. आपल्याकडे 'महाखनिज' प्रणालीवर वाळूच्या प्रत्येक खेपेचा वाहतूक परवाना निघतो: कुठल्या घाटाचा, किती ब्रास, कोणतं वाहन, किती वाजता. ही यादी घाटनिहाय काढून दर महिन्याला ग्रामसभेपुढे वाचली, तर रात्री घराजवळून किती हायवा गेल्या हे मोजणारी माणसं गावात आहेतच. दोन आकडे शेजारी ठेवायला अर्थशास्त्र लागत नाही.

भोकरदन किंवा जाफराबाद तालुक्यातल्या कुणाकडे पूर्णेच्या घाटांचा पुनर्भरण अहवाल, नाहीतर जिल्हा सर्वेक्षण अहवालाची जुनी प्रत असेल, तर मला कळवा. त्यातली थराच्या जाडीची नोंद वर्षागणिक ताडून बघायची आहे.